विमान कंपनीकडील आपली जमा

आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांच्या घरातील कोणी ना कोणी आज परदेशी आहे. हिऱ्याच्या व्यापारातील बंधू अँटवर्प, हाँगकाँग येथे कामानिमित्त वरचेवर जातात. आम्हा धान्यवाल्यांस तसे निमित्त नसले, तरी मुलामुलींच्या ओढीने दोन-तीन वर्षांतून एकदा अमेरिका गाठावीच लागते. या प्रवासांत विमान कंपन्यांकडे आपले पॉइंट जमा होतात. ते वापरून इकॉनॉमीच्या तिकिटावर बिझनेस वर्गाची जागा मिळवावी, म्हणजे ज्यास सर्व जण अपग्रेड म्हणतात ते करावे, अशी इच्छा पुष्कळांस असते. ती साधते मात्र थोड्यांस. असे का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक मॅट्रिकपर्यंतच शिकलेला आहे. परंतु जमाखर्चाच्या वह्यांत त्याची चाळीस वर्षे गेली आहेत, आणि हा विषय विमानाचा दिसत असला तरी मुळात जमाखर्चाचाच आहे.

प्रथम ही प्रथा कोठून आली ते पाहू. अमेरिकेत १९७८ साली कायदा होऊन विमानभाड्यावरील सरकारी नियंत्रण उठले. भाड्याची चढाओढ सुरू झाली आणि कालचे गिऱ्हाईक आज दुसऱ्याच्या दुकानी दिसू लागले. त्यास बांधून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली योजना काढली; त्याच महिन्यात युनायटेडनेही काढली. आपल्याकडे एअर इंडियाने १९९४ मध्ये ‘फ्लाइंग रिटर्न्स’ सुरू केली. आरंभी हिशेब सोपा होता : जितके मैल उडाल तितके मैल जमा. पुढे कंपन्यांच्या ध्यानात आले की, स्वस्त तिकिटावर लांब जाणाऱ्यापेक्षा महाग तिकिटावर जवळ जाणारा अधिक फायद्याचा. डेल्टाने २०१५ पासून मैलांऐवजी खर्चलेल्या रकमेवर पॉइंट देण्यास सुरुवात केली, आणि एअर इंडियानेही एप्रिल २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. सारांश, स्वस्त तिकिटावर अमेरिकेस जाऊन आलेल्या मनुष्याच्या खात्यात पूर्वीइतकी जमा आता पडत नाही.

आता या जमेचे स्वरूप काय, ते हुंडीच्या उदाहरणाने समजेल. मुदती हुंडीवर रक्कम लिहिलेली असते, मुदत लिहिलेली असते, आणि हुंडी न सकारणाऱ्याची बाजारात पत जाते. पॉइंट ही अशी हुंडी आहे की, तिची रक्कम देणेकऱ्याने ठरवावी, वाटेल तेव्हा बदलावी, मुदत त्यानेच घालावी, आणि व्याज तर मुळीच नाही. आज ज्या जागेस चाळीस हजार पॉइंट लागतात तिला पुढल्या वर्षी पन्नास हजार लागतील, असे कंपनीने जाहीर केले तर आपण कोणाकडे दाद मागणार? अटींच्या कागदावर ‘योजनेत बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ हे आपण वाचलेले नसले तरी कबूल केलेले असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेतील माइल तीन वर्षांत न वापरल्यास संपतात. इतरांचेही आपापले नियम आहेत. आणि देणेकऱ्याचे दिवाळे निघाले तर? किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीच्या नावे असल्याने ती ‘इंटरमाइल्स’ नावाने पुढे चालली खरी; पण जेटच्या विमानात पुढे बसण्याचे स्वप्न पाहून ज्यांनी साठा केला होता, त्यांस विमानच उरले नाही. एअर इंडिया व विस्तारा यांचे १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एकत्रीकरण झाले, तेव्हा विस्ताराच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाकडे वर्ग झाले. तेवढे बरे झाले.

कंपन्यांस मात्र या खात्याचे मोल पक्के ठाऊक असते. २०२० मध्ये करोनामुळे विमाने जमिनीवर उभी असता युनायटेडने आपली पॉइंट योजनाच तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. विमाने उडत नाहीत, आणि पॉइंटांवर कर्ज मिळते! याचे कारण असे की, बँका आपल्या क्रेडिट कार्डांच्या गिऱ्हाइकांस देण्यासाठी हे पॉइंट विमान कंपन्यांकडून रोख पैसे देऊन विकत घेतात.

माझी स्वतःची चूक येथे सांगितली पाहिजे, कारण त्यातूनच मी हे शिकलो. २०१८ साली न्यू जर्सीतील मुलीचे बाळंतपण होते. सौभाग्यवतीचे गुडघे तेव्हाच कामातून गेलेले. एका कंपनीकडे, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, कार्डाचे व प्रवासाचे मिळून आठ वर्षांचे पॉइंट साठलेले होते. मी तिला सांगितले, ‘या खेपेस तू आडवी होऊन जाशील.’ तिकीट मात्र मी सवयीने सर्वांत स्वस्त काढले. नऊ हजार रुपये वाचले याचा आनंदही झाला. मुंबईच्या विमानतळावर पॉइंट वापरू म्हटले, तर खिडकीवरील मुलीने नम्रपणे सांगितले की, या प्रकारच्या तिकिटावर अपग्रेड होत नाही, आणि होत असते तरी पुढे जागा नाही. पंधरा तास तिने पाय लोंबते ठेवून काढले. उतरल्यावर तिच्या पावलांत चप्पल शिरेना. मुलीच्या घराचा जिना दोन दिवस तिला चढवला नाही. नातवाचे पहिले तोंड तिने खालच्या खोलीत पाहिले. पुढल्या मार्चमध्ये निम्मे पॉइंट मुदत संपून गेले. कंपनीने नियमाबाहेर काही केले नव्हते. नियम वाचण्याचे काम माझे होते.

तेव्हा ध्यानात ठेवण्याची पहिली गोष्ट ही की, इकॉनॉमीचे तिकीट हा एक माल नव्हे. गव्हाचे जसे लोकवन, शरबती, तुकडी, तसे एकाच विमानातील एकाच रांगेतल्या जागांचे दहा-बारा भाव असतात आणि प्रत्येकास एक इंग्रजी अक्षर असते. पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीस बहुधा वाय हे अक्षर असते. त्याखाली उतरत्या भाड्याची अक्षरे. अगदी तळच्या अक्षरांस अपग्रेड सहसा मिळत नाही. म्हणून तिकीट काढण्याच्या आधी, नंतर नव्हे, त्या अक्षरावर पॉइंट चालतात काय हे विचारून घ्यावे. दुसरे, तिकीट एका कंपनीचे आणि विमान तिच्या भागीदार कंपनीचे असेल तर नियम फारच कडक होतात. एअर इंडिया २०१४ पासून ज्या स्टार अलायन्समध्ये आहे तेथेही भागीदाराच्या विमानातील अपग्रेडसाठी साधारणपणे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण भाड्याचे तिकीट लागते. सुरतकरांनी आणखी एक पाहावे. आपल्या विमानतळास डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, याचा सर्वांस अभिमान आहे. परंतु येथून आखातात स्वस्त विमानाने जाऊन पुढे दुसऱ्या कंपनीचे स्वतंत्र तिकीट घेतले, तर दोन खाती वेगळी राहतात आणि पहिला टप्पा चुकल्यास दुसरा टप्पा कोणी सांभाळत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. पुढील वर्गात खुर्ची रिकामी दिसते म्हणून ती पॉइंटवाल्यास मिळेल असे नाही. रोखीने विकली जाण्याची आशा असेपर्यंत कंपनी ती राखून ठेवते. पॉइंटांसाठी काढलेल्या जागा मोजक्या. त्या तारीख उघडताच किंवा अगदी शेवटच्या दिवसांत सुटतात. लग्नसराईत, दिवाळीत व मे महिन्यात क्वचितच. प्रतीक्षा यादीत नाव घालून वाट पाहावी, न मिळाल्यास पॉइंट परत येतात.

आता फायदा-तोटा. समजा, अपग्रेडला ४०,००० पॉइंट लागतात. देशातले ६,००० रुपयांचे तिकीट १५,००० पॉइंटांत मिळत असेल तर पॉइंटाचा भाव ४० पैसे. म्हणजे आपण १६,००० रुपये मोजतो आहोत. अपग्रेड चालणारे तिकीट स्वस्त तिकिटाहून १४,००० ने महाग आहे. वर कर व आकार ६,०००. एकूण ३६,०००. बिझनेसचे रोख तिकीट १,१०,००० ने महाग असेल तर हा सौदा उत्तम. पण अनेक कंपन्या प्रस्थानाच्या काही दिवस आधी रोख रकमेवर किंवा लिलावाने वरचा वर्ग देऊ करतात. तो स्वस्त तिकिटावरच ३०,००० त मिळत असेल, तर पॉइंट शिलकीत ठेवून रोख देणे हाच शहाणपणा. हिशेबात जीएसटीही धरावा : इकॉनॉमीवर ५ टक्के, वरच्या वर्गांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. आणि दुबईच्या तीन तासांसाठी साठा उधळू नये; रात्र ज्या प्रवासात घालवावयाची तेथेच पाठ टेकण्यास किंमत आहे.

एक नाजूक प्रश्न उरतो. पेढीच्या पैशाने केलेल्या प्रवासाचे पॉइंट कोणाचे? कंपनी ते प्रवाशाच्या नावावर जमा करते, म्हणून पुष्कळ भागीदार ते आपले समजतात. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांस सरकारी प्रवासाचे पॉइंट सरकारी कामासाठीच वापरण्याचा नियम घातला आहे. जर्मनीत जुलै २००२ मध्ये सरकारी प्रवासाचे माइल खाजगी कामी वापरल्याच्या प्रकरणात ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनचे मंत्रिपद सोडले. आमच्या पेढीत आम्ही तिघा भागीदारांनी वहीत ‘विमान पॉइंट खाते’ असे पान घातले. घरच्या प्रवासासाठी कोणी पेढीचे पॉइंट वापरले तर पॉइंटामागे ३० पैसे त्याच्या नावे पडतात. धाकट्या भागीदारास हे प्रथम कंजूषपणाचे वाटले. पण वर्षअखेरीस त्या पानावरून एकदाही वाद झालेला नाही.

२०२३ मध्ये पुन्हा न्यू जर्सीस जाण्याचा योग आला. या वेळी अक्षर विचारून तिकिटे काढली, चार महिने आधी यादीत नावे घातली. पॉइंट एकाच जागेपुरते होते, ते सौभाग्यवतीच्या तिकिटास लावले. निघण्याच्या तीन दिवस आधी जागा पक्की झाल्याचा निरोप आला. मात्र वर्ग बदलला की जैन जेवणाची मागणी पुन्हा नोंदवावी लागते आणि ती चोवीस तास आधी, हे माझ्या ध्यानी आले नाही. तिच्या वाट्यास फळे, दूध आणि बरोबर घेतलेले खाखरे आले. जैन जेवणाचे ताट मागे माझ्यापुढे आले. रात्रीत ती दोनदा पडदा सारून मागे आली, एकदा मी जेवलो की नाही ते पाहण्यास आणि दुसऱ्यांदा ‘तिकडे फार एकटे वाटते’ हे सांगण्यास. उतरताना मात्र पायांस सूज नव्हती, आणि जिना ती त्याच संध्याकाळी चढली.