तेलाविना चाललेले टू-स्ट्रोक इंजिन

फोर-स्ट्रोकप्रमाणे टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेल साठवलेले नसते. जुन्या स्कूटरी व काही फवारणी पंपांत ते पेट्रोलमध्येच मिसळतात. अनेक स्कूटरींसाठी हे प्रमाण 2 टक्के, म्हणजे लिटरमागे 20 मिलिलिटर असे. तेल घालायचे राहिले, की ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो व इंजिन जाम होते. थंड झाल्यावर ते कधीकधी पुन्हा सुरू होते; पण म्हणून निश्चिंत राहू नये.

प्रथम सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या छिद्रातून पिस्टन पाहावा. उभे ओरखडे किंवा चिकटलेल्या रिंगा दिसल्यास सिलिंडर उतरवावा. ओरखडे चहूबाजूंनी असतील तर तेलाचा अभाव संभवतो. केवळ एक्झॉस्टच्या बाजूस असतील तर जादा उष्णता व हवेची गळती यांचाही विचार करावा. बिडाच्या सिलिंडरवर नुसते ॲल्युमिनियम चिकटले असेल तर ते काढता येते. बीडच खरवडले असेल तर रिबोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो.

पुष्कळजण येथेच थांबतात. परंतु जे तेल पिस्टनला मिळाले नाही, ते क्रँकच्या बेअरिंगलाही मिळालेले नसते. कनेक्टिंग रॉड धरून वरखाली हलवून पाहावा. बाजूला थोडी ढिलाई असणे साहजिक आहे. वरखाली मात्र खडखड लागता कामा नये. ही तपासणी नवा पिस्टन विकत घेण्यापूर्वीच करावी. नाहीतर खराब बेअरिंग पुढे फुटते, त्याचे कण नव्या सिलिंडरमध्ये शिरतात आणि तोच खर्च दुसऱ्यांदा खतावणीत येतो.