मुंबईची मिठी नदी आणि तिचे मासे

आपल्या गावची पुष्कळ माणसे मुंबईला आहेत. कोणाचे काका लालबागला, कोणाचा मामा परळला, तर कोणाची आत्या दादरला. गणपतीला ती सगळी गावी येतात. मुंबईला समुद्र आहे हे सर्वांना माहीत आहे. पण तेथे गोड्या पाण्याची नदीसुद्धा आहे. तिचे नाव मिठी नदी. परिसर अभ्यासात आम्ही नदीचा पाठ शिकलो तेव्हा गुरुजींनी ती नकाशात दाखवली. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. दोघांकडून मिळालेली माहिती मी येथे लिहीत आहे. शेवटी आपल्या पऱ्याबद्दलही लिहिले आहे. ते मोठ्या माणसांनी जरूर वाचावे.

नदी कोठून कोठे जाते

मुंबईला पाणी मिळावे म्हणून १८६० साली विहार तलाव बांधून झाला. पुढे १८९१ साली पवई तलाव झाला. पावसाळ्यात हे तलाव भरून वाहू लागतात. ते पाणी मिठी नदीतून जाते. साकीनाका, कुर्ला, धारावी असे करत नदी माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे १८ किलोमीटर आहे. दादरहून बोरिवलीच्या गाडीत बसले की आधी माटुंगा रोड येते, मग माहीम. माहीम आणि वांद्रे यांच्या मधे खिडकीतून खाडी दिसते.

तलावाचे पाणी गोडे, समुद्राचे खारे. खाडीत दोन्ही मिसळतात, म्हणून तेथील पाणी मचूळ असते. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी.

मासे कोणते आणि ते कसे धरतात

पवई तलावात रोहू, कटला, तिलापिया हे गोड्या पाण्यातले मासे आहेत. तेथे हौसेने गळ टाकणारे लोक जातात. पण त्या तलावात मगरीही आहेत! म्हणून पाण्यात उतरायचे नाही. खाडीत बोई, कोळंबी, चिंबोरी आणि निवट्या मिळतात. निवट्या फार गमतीचा मासा आहे. ओहोटीला तो चिखलावर टुणटुण उड्या मारतो. खाडीच्या कडेला तिवराची झाडे असतात. त्यांच्या मुळांत माशांची पिल्ले लपून मोठी होतात.

धारावीला जुना कोळीवाडा आहे. तेथले कोळी पूर्वी याच खाडीत जाळी टाकून पोट भरत. कमी पाण्यात पाग टाकतात. पाग म्हणजे गोल जाळे. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात. फेकले की ते छत्रीसारखे उघडते आणि पाण्यात बसते. गळाला मात्र गांडूळ लावतात आणि गप्प बसून राहतात.

आजोबा रविवारी सुट्टीला मित्रांबरोबर माहीमला गळ घेऊन जात. ते म्हणतात, "बाला, मासा मिलायचा. पण आदी हुंगायचा आन् मंग रांदायचा. रॉकेलचा वास आला तर दिला फेकून." १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर आजोबा गावी आले.

मासे का कमी झाले

नदीच्या काठी कारखाने, गोठे आणि दाट वस्ती झाली. तेल, शेण, गटारांचे पाणी आणि कचरा नदीत जाऊ लागला. मासे कल्ल्यांनी श्वास घेतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांना लागतो. घाण कुजवणारे जंतू तो प्राणवायू संपवतात. मग मासे गुदमरून मरतात.

आम्ही वर्गात प्रयोग केला. दोन बरण्यांत पऱ्याचे पाणी घेतले. एकीत मूठभर खरकटा भात टाकला. तीन दिवसांनी ते पाणी गढूळ झाले आणि त्याला घाण वास येऊ लागला. दुसरी बरणी तशीच होती.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीला मोठा पूर आला. तिचे पात्र भराव आणि कचऱ्याने अरुंद झाले होते. पाणी घराघरांत शिरले, पुष्कळ माणसे दगावली. त्यानंतर सरकारने नदीसाठी प्राधिकरण नेमले, गाळ काढला, भिंती बांधल्या. तरी पाणी अजून स्वच्छ झालेले नाही. पण एक चांगली गोष्टही आहे. धारावीजवळ नदीकाठी पूर्वी कचऱ्याचा ढीग होता. तेथे झाडे लावली आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुरू झाले. माणसाने मनावर घेतले तर होते.

आपला पऱ्या

आपल्या पऱ्यावर कारखाना नाही. मिरगाचा पाऊस लागला की चढणीचे मासे वर येतात. ते अंडी घालायला येतात. पण गेल्या वैशाखात वाडीखालच्या डोहात कोणीतरी रात्री ब्लिचिंग पावडर टाकली. सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. मोठे मासे कोणी घेऊन गेले होते. बोटाएवढी पिल्ले तशीच पडली होती. खेकडेही मेले. दोन दिवस कोणी गुरांना तेथे पाणी पाजले नाही. पुढे पावसात चढणीला थोडेच मासे आले.

ब्लिचिंग पावडरीने माशांचे कल्ले जळतात. गळाला एक मासा लागतो. पागात चार-पाच येतात. पावडरीने सगळे मरतात आणि पुढच्या वर्षीचेही मरतात. मिठी नदी खराब व्हायला पुष्कळ वर्षे लागली. आपला डोह एका रात्रीत खराब झाला.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मासे गळाने धरा, पागाने धरा, पण पाण्यात विष टाकू नका. अंडी भरलेला मासा सोडून द्या. आम्ही मुले पऱ्यात प्लास्टिक टाकणार नाही.

सांगा पाहू
१. मिठी नदीत कोणत्या दोन तलावांचे पाणी येते?
२. खाडीचे पाणी मचूळ का असते?
३. मासे श्वास कशाने घेतात?
४. चढणीचे मासे वर का येतात? (घरी आजी-आजोबांना विचारा.)

— इयत्ता ४ थी