आधी सिरीजचा दिवा

तू घरी गिटारचा अँप बांधतोयस हे तुझ्या आईकडून कळलं. बाळा, फार बरं वाटलं. चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले, पण घरातल्या कुणी माझ्याकडे सोल्डरिंगचं सामान मागितलं नव्हतं.

आधी जिवाची गोष्ट. जुन्या रेडिओचे भाग घेणार असशील तर व्हॉल्व्हची नावं वाच. ‘ई’ने सुरू होणारे, म्हणजे ईएल ८४, ईसीसी ८३, यांची फिलामेंट ६.३ व्होल्टवर चालते. ‘यू’वाले, म्हणजे यूएल ८४, यूवाय ८५, हे एकामागे एक जोडून थेट मेनवर चालवत. अशा सेटमध्ये मेनची एक तार बहुधा सरळ चासीला असते. लाकडी खोक्यात बंद असलेल्या रेडिओला ते चालून जायचं. गिटारच्या तारा मात्र केबलमधून चासीलाच जोडलेल्या असतात, आणि त्यांवर तुझी बोटं. तो सेट अँपसाठी घेऊच नकोस. मेन ट्रान्सफॉर्मर हवाच आणि चासीला अर्थ हवाच.

बाकी जोडणी रेडिओच्या शेवटच्या भागासारखीच. १९५० च्या दशकातला फेंडर चॅम्प बघ: एक १२एएक्स७ (तोच ईसीसी ८३), एक ६व्ही६, एक रेक्टिफायर, ८ इंची स्पीकर, जेमतेम ५ वॅट. आपल्याकडे ६व्ही६ च्या जागी ईएल ८४ घे. रेडिओत त्याच्याआधी एक ट्रायोड पुरायचा. गिटारचा सिग्नल बारीक, म्हणून ईसीसी ८३ चे दोन्ही भाग लागतील.

प्लग काढला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. मी तेच समजलो होतो. प्लग माझ्या हातात होता, दुसऱ्या हाताचं बोट फिल्टर कंडेन्सरला लागलं आणि कोपरापर्यंत झटका बसला. पहिल्या कंडेन्सरवर २२० किलोओहमचा, २ वॅटचा रेझिस्टन्स कायमचा जोड. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिनिटाभरात उतरतो. तरीही मीटर लावून बघ, मगच हात घाल. चालू सेटमध्ये मापताना डावा हात खिशात.

आता घोंघों. इथे घाई केलीस तर महिनाभर शोधत बसशील. फिलामेंटच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्याला चिकटवून ने. व्हॉल्व्हपाशी आल्यावरच वर उचल. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून अर्थला १००-१०० ओहम जोड. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेनच्या ट्रान्सफॉर्मरला काटकोनात बसव. पक्का करण्याआधी त्याला हेडफोन लावून, नुसता मेनचा ट्रान्सफॉर्मर चालू ठेवून फिरवत बघ. एका जागी घोंघों जवळजवळ मरते, तिथेच भोक पाड. जॅककडून येणारा ६८ किलोओहमचा रेझिस्टन्स सॉकेटच्या पिनेलाच टेकलेला असू दे, नाहीतर जवळचं आकाशवाणी केंद्र गिटारमधून ऐकू येतं.

स्पीकर जोडल्याशिवाय अँप वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

पहिल्यांदा चालू करताना मेनला ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घाल. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर लगेच बंद कर, कुठेतरी शॉर्ट आहे. मग बल्ब काढून ईएल ८४ च्या कॅथोडचा व्होल्टेज माप. तिथे १५० ओहम असतील आणि ७ व्होल्ट दिसले, तर साधारण ४७ मिलिअँपिअर वाहतोय. प्लेटवर २५० व्होल्ट असतील तर हे १२ वॅटच्या मर्यादेत बसतं. जास्त दिसलं तर रेझिस्टन्स वाढव.

माझ्या कपाटात, वरच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे दोन ईएल ८४ आहेत. घेऊन जा. सॉकेटमध्ये डुलवत घालू नकोस, सरळ दाब; काच पिनांच्या मुळाशी तडकते. आणि घालण्याआधी काचेच्या टोकाकडची टिकली बघ. चंदेरी असेल तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरलेली नाही. पांढरी पडली असेल तर तो बाजूला ठेव, दुसरा घे.