मिरचीच्या चाळीस बिया

भारतातून परतताना तुमच्याही बॅगेत कधीतरी बियांची पुडी आली असेल. लवंगी मिरची, गावठी टोमॅटो, नाहीतर वालपापडी. इथल्या टोमॅटोला ती चव नाही, आणि खिडकीतल्या कुंड्यांना चाळीस बिया खूप झाल्या. एवढ्याशा पुडीने ब्रिटनचं काय बिघडणार आहे?

आधी नियम. भारतातून ग्रेट ब्रिटनमध्ये पेरणीसाठी बहुतेक कोणतंही बी आणायचं तर फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी यंत्रणेने दिलेला वनस्पतीचा आरोग्यदाखला. पूर्वी प्रवाशांना थोड्या प्रमाणासाठी सूट असे. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाच्या नव्या नियमांनी ती गेली, आणि ब्रेक्झिटनंतरही परत आली नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंटमधल्या एका टोमॅटो उत्पादकाकडे 'टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस' सापडला होता. ब्रिटनमधली ती पहिलीच नोंद. हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण फळावर सुरकुत्या आणि तपकिरी डाग पाडून पीक विकण्याजोगं ठेवत नाही. टोमॅटोत 'टीएम-२२' नावाचं एक जनुक आहे, ज्याच्या जोरावर उत्पादक अशा विषाणूंपासून कित्येक दशकं निर्धास्त होते. या नव्या विषाणूने नेमकं तेच कुंपण ओलांडलं. त्यात तो चिवट. पाना-देठाचा रस हाताला, कात्रीला, कपड्यांना लागला की पुढच्या झाडावर जातो. लांबचा प्रवास मात्र तो बियांच्या टरफलावर बसून करतो. म्हणून टोमॅटो आणि मिरचीच्या बियांसाठी नुसता दाखला पुरेना, प्रयोगशाळेतली तपासणीही आली.

खरी गोम या तपासणीत आहे. प्रयोगशाळा साधारण ३००० बिया घेते, भरडते आणि त्यात विषाणूचा आरएनए शोधते. ३०००च का? समजा हजारात एक बी दूषित आहे. ३००० बियांच्या नमुन्यात असं एकही बी न येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, म्हणजे ९५ टक्के वेळा चोर सापडतो. आता तुमच्या चाळीस बिया घ्या. त्या सगळ्या भरडल्या तरी १०० पैकी ९६ वेळा निकाल 'स्वच्छ' येईल, आणि पेरायला काहीच उरणार नाही! उलट अशा २५ पुड्या निरनिराळ्या बॅगांतून आल्या, की सरासरी एका पुडीत एक दूषित बी असणारच. दूषित बीपासून रोगट रोप क्वचितच उगवतं, हे खरं. पण हीथ्रोवरून वर्षभरात किती बॅगा बाहेर पडतात याचा विचार करा.

आपल्याकडेही बियांनी असाच हिसका दाखवला आहे. गाजरगवत पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास नोंदवलं गेलं. अमेरिकेहून आयात केलेल्या गव्हात मिसळून ते आलं असं मानलं जातं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, आणि त्वचेला येणारी खाज महाराष्ट्रातला शेतकरी अजून सोसतो आहे. ते बी तर कुणी मुद्दाम आणलंही नव्हतं.

तरी या व्यवस्थेत मला एक उणीव दिसते. मोठ्या बियाणे कंपनीला ३००० बिया भरडणं परवडतं. ज्या देशी वाणाच्या मूठभर बिया एखाद्या आजीच्या डब्यात आहेत, त्याला ही वाट जवळजवळ बंदच आहे.

पुडी आत्ताच तुमच्या बॅगेत असेल तर कस्टम्समध्ये स्वतःहून सांगा. ती जप्त होऊन नष्ट केली जाईल. कुंडीसाठी इथल्याच विक्रेत्याचं बी घ्या, पण पाकिटावर 'एफ-१' लिहिलेलं संकरित वाण टाळा. मिरचीत बहुतांशी स्वपरागण होतं, त्यामुळे दुसऱ्या जातीची मिरची जवळ लावली नाहीत तर पिकलेल्या लाल मिरचीतलं बी पुढच्या वर्षी बहुधा तशीच मिरची देतं. ते कागदावर सावलीत वाळवा आणि कोरड्या बाटलीत ठेवा.