हन्नाचे दुःख आणि आमची घाई
वाचन : १ शमुवेल, अध्याय १

शीलो येथे हन्ना केवळ ओठ हलवीत प्रार्थना करीत होती. एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. न विचारताच मत बनविण्याची ही चूक आम्हीही केली आहे.

निपाणीजवळच्या एका घरी आम्ही प्रार्थनेस गेलो होतो. सुनेला मूल व्हावे म्हणून प्रार्थना करा, असे सासूबाई म्हणाल्या. लग्नाला सहा वर्षे झालेली. सून चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. आम्ही प्रार्थना केली, विश्वास दृढ ठेव असा बोध केला आणि निघालो. तिला दोनदोन-तीनतीन महिने पाळी येत नाही, हे तिने पुढे आमच्या पत्नीस सांगितले. घरात त्याला कोणी आजार मानीतच नव्हते.

या आजारास पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस म्हणतात. स्टाइन व लेव्हेन्थल या अमेरिकन डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले. मूल होण्याच्या वयातील शंभरांपैकी सुमारे दहा स्त्रियांना तो असतो, आणि त्यांतील बहुतेकींना ठाऊकही नसते. अंडाशयात स्त्रीबीजे वाढू लागतात, पण एकही पूर्ण पिकून बाहेर पडत नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ त्या ह्याच. त्यांना घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळ जणींत इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, म्हणून शरीर ते अधिक बनविते, आणि त्यामुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतो. चेहऱ्यावर केस व मुरमे येतात ती यामुळेच. (पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनतीन वर्षे ती अनियमित असू शकते, शिक्षिकांनी मुलींना उगाच भिववू नये.)

यात ऑक्सिडेटिव्ह ताणाचाही भाग आहे. चुलीत लाकूड जळताना धूर होतो, तद्वत् पेशीत अन्न जळताना काही उपद्रवी रेणू निघतात. शरीर ते निस्तरते. निस्तरण्याहून ते अधिक झाले की हा ताण वाढतो व इन्सुलिनचे काम आणखी बिघडते. आता आमचा भाग तंबाखूचा. वखारीत राबणाऱ्या आणि सकाळी मशेरी लावणाऱ्या आयाबहिणी आपल्याच मंडळीत आहेत. तंबाखूने हा ताण वाढतो. मुंबईतील एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखा तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी सुमारे १०० ग्रॅमने हलकी भरली. तेव्हा मशेरीचा डबा आधी घराबाहेर जावा. अँटिऑक्सिडंटच्या महागड्या बाटल्यांनी मूल होते असा भक्कम पुरावा मात्र नाही; त्यात पगार घालवू नये.

वजन जास्त असल्यास ते थोडे उतरले तरी कित्येकींची पाळी सुधारते. सडपातळ स्त्रीलाही हा आजार होतो, म्हणून तिला ‘खा कमी’ म्हणून टोचू नये. स्त्रीबीज पिकण्यासाठी लेट्रोझोल नावाची गोळी डॉक्टर देतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ७५० स्त्रियांवरील अमेरिकन चाचणीत ती जुन्या क्लोमिफीनपेक्षा सरस ठरली. ही गोळी दुकानातून परस्पर आणून घ्यावयाची नव्हे.

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो आणि या खेपेस आधी ऐकून घेतले. नवऱ्याचीही तपासणी हवी, असे सांगताच सासूबाई उठून आत गेल्या. ती तपासणी साधी व स्वस्त. तरी त्याला राजी करण्यास आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी दोघे बेळगावच्या एसटीत बसले. पाळीच्या तारखा लिहिलेली वही सुनेने आपणहून पिशवीत घातली होती.