उमेदवारीतला प्रबंध

जैवविज्ञान आणि व्यवसायव्यवस्थापन यांचा जोड अभ्यासक्रम पत्करणाऱ्या विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षी सहा महिने एखाद्या कंपनीत काढावे लागतात आणि तेथील कामाच्या आधारे विद्यापीठाला प्रबंध सादर करावा लागतो. त्या सहा महिन्यांना आज इंटर्नशिप म्हणतात. जुन्या कचेऱ्यांतून तिलाच उमेदवारी म्हणत, आणि उमेदवाराने आधी दप्तराचा शिरस्ता समजून घ्यावा, मग लेखणी उचलावी, अशी तेथे अपेक्षा असे. मी लेखणी आधी उचलली. त्याचा परिणाम असा झाला की, एकशे दहा पानांच्या माझ्या मसुद्यातील साठ पाने, प्रबंध दाखल करण्याच्या मुदतीस अवघे पाच आठवडे उरले असता, मला काढून टाकावी लागली. ज्यांची उमेदवारी अद्याप सुरू व्हावयाची आहे, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

माझी नेमणूक पुण्याजवळच्या एका जिवाणू खतांच्या कारखान्यात झाली होती. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून राहणारा आणि हवेतील नत्र झाडाला मिळवून देणारा रायझोबियम हा तेथला मुख्य माल. पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात कालवून तो बियाण्याला चोळतात आणि बियाणे सावलीत सुकवतात. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतांचा समावेश 2006 साली झाला, आणि त्या आदेशानुसार भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 5 कोटी व द्रवरूप खताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा दंडक आहे. या वाक्यातील ‘जिवंत’ या शब्दावर सारा व्यवसाय उभा आहे, हे मला फार उशिरा उमगले.

पहिल्याच आठवड्यात विक्री विभागाने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला: एकदा पाकीट नेलेला शेतकरी पुढच्या हंगामात ते पुन्हा का नेत नाही? हाच प्रश्न मी जसाच्या तसा प्रबंधाचा विषय म्हणून विद्यापीठात नोंदवला, आणि शेतकऱ्यांना पुरेशी माहिती नसते, सबब प्रसाराची योजना आखावी, हे उत्तरही चौकशीपूर्वीच मनात ठरवून टाकले. विक्रेत्यांच्या भेटी घ्यावयाच्या तर बावीस कृषी सेवा केंद्रांची यादी कंपनीनेच दिली. ती सगळी दुकाने उत्तम खप असलेली होती, ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नाही.

ऑगस्टमध्ये औसा तालुक्यातील एका गावी गेले असता, एका वयस्क शेतकऱ्याने मला आपल्या रानात नेले. पीक फुलोऱ्यात होते. त्यांनी एक झाड माती न झडू देता हलकेच उपटले, मुळावरची वाटाण्याहून लहान अशी एक गाठ तोडली आणि नखाने चिरून माझ्या तळहातावर ठेवली. आतला गर फिकट, हिरवट राखी होता. मग बांधापलीकडच्या, भावाच्या शेतातले एक झाड आणून त्यांनी तिथलीही गाठ चिरली, तो ती आतून गुलाबी निघाली. “ताई, तुमचंच पाकीट लावलं होतं. आता तुम्हीच बघा,” एवढेच ते म्हणाले. नत्र बांधण्याचे काम चालू असलेल्या गाठीत लेगहीमोग्लोबिन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्यामुळे ती आतून गुलाबी दिसते, हे मी पुस्तकात वाचले होते; परंतु त्याचा अभाव हातात घेऊन पाहण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

एका शेतावरून सिद्धान्त निघत नाही, हे मी जाणून होते. तरीही ज्या दुकानातून ते पाकीट आले होते तेथे मी गेले. ते दुकान माझ्या यादीत नव्हते. मे महिन्यात आलेली खोकी पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला लावून रचलेली होती, आणि थंड जागी ठेवण्याची सूचना त्याच खोक्यांवर छापलेली होती. मराठवाड्यातील उन्हाळ्याची दुपार ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगण्याची गरज नाही. पुढील पंधरवड्यात यादीबाहेरची आणखी नऊ दुकाने मी पाहिली आणि प्रत्येकाची नोंद, तारीख व वेळ घालून, एका साध्या वहीत केली.

येथेच माझी खरी चूक घडली. त्या वहीपेक्षा कारखान्याच्या संगणकातील आकडे मला अधिक वजनदार वाटले. तालुकावार विक्री, परत आलेला माल, उत्पादनाच्या प्रत्येक घाण्याच्या चाचण्या, इतकेच काय, प्रयोगशाळेत आकार घेत असलेल्या नव्या द्रवरूप खतातील घटकांचे प्रमाणसुद्धा, माझ्या वरिष्ठांच्या तोंडी संमतीवर विसंबून मी कोष्टकांत मांडले. नोव्हेंबरमध्ये मसुदा कंपनीकडे गेला, तोवर त्या वरिष्ठांची बदली झाली होती. मसुदा परत आला तो विधी विभागाच्या पत्रासह, आणि जवळजवळ प्रत्येक कोष्टकावर तांबडी रेघ होती. रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात मी न वाचता सही केलेल्या गोपनीयतेच्या करारनाम्यात ही सारी माहिती स्पष्टपणे वर्ज्य होती. त्यातही नव्या खतासाठी पेटंटचा अर्ज अजून व्हावयाचा होता, आणि 1970 च्या पेटंट कायद्यान्वये शोध अर्जापूर्वी प्रसिद्ध झाला तर त्याचे नावीन्यच संपुष्टात येऊ शकते. ग्रंथालयात ठेवलेला माझा प्रबंध दुसऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरवण्यास पुरेसा झाला असता. हरकत घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि दोष सर्वस्वी माझा होता.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, रुजू होण्यापूर्वीच कंपनी, विद्यापीठातील मार्गदर्शक आणि आपण, अशा तिघांच्या सह्यांचा एक कागद करून घ्यावा. कोणती माहिती वापरावयाची, ती मूळ आकड्यांत की टक्केवारीत, कंपनीचे नाव द्यावयाचे की नाही, मसुदा कोण वाचणार आणि किती दिवसांत उत्तर देणार, हा सर्व तपशील त्यात असावा. तोंडी मंजुरी देणाऱ्याची बदली होते, कागदाची होत नाही. पेटंटयोग्य असे काही प्रबंधात येणार असेल, तर कंपनीने आधी तात्पुरता अर्ज करावा, अशी विनंती वेळीच करावी. त्यानंतर संपूर्ण तपशील सादर करण्यास कायद्याने 12 महिने मिळतात.

दुसरे असे की, कंपनीचा अहवाल आणि विद्यापीठाचा प्रबंध हे दोन वेगळे दस्तऐवज मानावेत. कंपनीला पुढच्या हंगामाचा उपाय हवा असतो. विद्यापीठाला एखाद्या व्यवहाराचे कारण समजून घ्यावयाचे असते. आपल्या प्रश्नातून कंपनीचे नाव खोडून पाहावे, आणि तरीही तो दुसऱ्या कारखान्याला तितकाच लागू पडत असेल, तर तो प्रबंधाचा प्रश्न आहे असे समजावे. कंपनीने दिलेली यादी अवश्य वापरावी, मात्र ती कोणी व कशी केली हे पद्धतीच्या प्रकरणात लिहावे आणि यादीबाहेरची माणसेही शोधावीत. माहितीपत्रकांतील मजकूर उचलण्याचा मोह टाळावा, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार साम्य 10 टक्क्यांहून अधिक आणि 40 टक्क्यांपर्यंत आढळल्यास सुधारित प्रबंध पुन्हा सादर करावा लागतो, आणि त्यात सहा महिनेही जाऊ शकतात.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे रोजची वही. तारीख, स्थळ, बोलणाऱ्याची परवानगी, पाहिलेले एका बाजूस आणि ऐकलेले दुसऱ्या बाजूस. निष्कर्ष कंपनीला अप्रिय असेल, तर तो आधी त्यांच्यासमोर बसून सांगावा, मात्र मवाळ करू नये.

उरलेल्या पाच आठवड्यांत मी त्या वहीवरून प्रबंध नव्याने लिहिला. जिवंत माल कारखान्यापासून बांधापर्यंत जिवंत कसा पोहोचावा, असा त्याचा प्रश्न झाला. तो आकाराने लहान झाला आणि त्यात कोष्टके थोडीच उरली. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो गाठींविषयी: “हे आपण स्वतः पाहिले आहे काय?” मी वही उघडून त्या दिवसाचे पान त्यांच्यापुढे ठेवले. त्या पानासाठी मला कोणाच्याही मंजुरीची गरज नव्हती. ज्यांच्या शेतात ते लिहिले गेले, त्यांची परवानगी पहिल्याच ओळीत नोंदलेली होती.