तळपायांची आग आणि गोळ्यांचा डबा

निवृत्तीनंतर माझे तळपाय रात्री जळजळायला लागले. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागेना. मधुमेह नाही, दारू नाही, थायरॉईड ठीक. तपासण्यांची फाईल जाडजूड झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टनी लिहिले, ‘इडियोपॅथिक पेरिफेरल न्यूरोपॅथी’. म्हणजे मज्जातंतूंना इजा आहे, कशाने झाली ते सापडत नाही. कारणच सापडत नसल्याने उपाय सुचवायला सगळे मोकळे. सकाळी फिरायला येणारे मित्र, मेडिकलवाला, परदेशातून डबे पाठवणारा भाचा, प्रत्येकाकडे नसांसाठी एक रामबाण गोळी होती. माझी नोकरी एसटीच्या आगारात हिशेब लिहिण्यात गेली, म्हणून या गोळ्यांचाही हिशेब ठेवला. त्यातून कळले ते असे.

1. आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. बी12 च्या गोळ्या सुरू केल्या की रक्तातला आकडा भराभर चढतो आणि मुळात कमतरता होती का, हे कायमचे झाकले जाते. आपल्याकडे हा प्रश्न किरकोळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांचे बी12 कमी निघाले होते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळते. भाजीपाल्यात आणि डाळींत ते नसते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांचे आणखी घटते. आकडा काठावर असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमेलॉनिक ॲसिडची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. आणि बी12 न पाहता नुसते फॉलिक ॲसिड घेऊ नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारते, पण मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालू राहू शकते.

2. बी6 ची बेरीज करा. या यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. बी6, म्हणजे पायरिडॉक्सिन, नसांसाठी चांगले म्हणून जवळजवळ प्रत्येक गोळीत घातलेले असते. ते जास्त झाले तर स्वतःच न्यूरोपॅथी करते: तीच बधिरता, त्याच मुंग्या, तोच चालताना जाणारा तोल. मोठे डोस घेणाऱ्यांत हे घडल्याचे अमेरिकी डॉक्टरांनी 1983 मध्येच दाखवून दिले होते. पुढे तुलनेने कमी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांतही तक्रारी दिसल्या. दिवसाची गरज 2 मिलिग्रॅमच्या आसपास. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये प्रौढांसाठी 12 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा सांगितली. अमेरिकेत ती 100 आहे. एवढ्या तफावतीत शहाण्याने कमी आकडा धरावा. आता आपले दुकान पाहा. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये 3 मिलिग्रॅम, ते ठीक. पण नसांसाठी देतात त्या काही इंजेक्शनांत एका वेळी 100 मिलिग्रॅम असते. त्यावर नसांची गोळी, वर मल्टिव्हिटॅमिन आणि भाच्याचा डबा. पाय बरे व्हावेत म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी पाय बिघडतात आणि माणूस म्हणतो, आजार वाढला, डोस वाढवा. मी सगळ्या पाकिटांच्या मागचे बारीक अक्षर भिंगाने वाचून वहीत बेरीज केली आणि बी6 असलेली एकच गोळी ठेवली. हे काम प्रत्येकाला घरी करता येते.

3. सुईचे वेड सोडा. इंजेक्शनशिवाय बी12 लागू पडत नाही ही समजूत घट्ट आहे. कमतरता तीव्र असेल, पाय बधिर झाले असतील, तर सुरुवातीला डॉक्टर इंजेक्शनच देतात आणि ते योग्यच. पुढे मात्र गोळी चालू शकते. तोंडाने घेतलेल्या मोठ्या डोसातले साधारण एक टक्का नेहमीच्या मार्गाशिवायही आतड्यातून शोषले जाते. 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून असे 10 मिळाले तरी ते रोजच्या गरजेच्या कितीतरी पट होतात.

4. अल्फा लिपोइक ॲसिडचा पुरावा दुसऱ्याच्या आजाराचा आहे. त्यावरचे मोठे अभ्यास मधुमेहामुळे झालेल्या न्यूरोपॅथीवर झाले, तेही बरेचसे जर्मनीत, आणि सर्वांत ठळक गुण शिरेतून रोज 600 मिलिग्रॅम दिल्यावर दिसला. कारण न सापडलेल्या न्यूरोपॅथीला तोच गुण येईल, असे त्यातून सिद्ध होत नाही. मी डॉक्टरांना सांगून काही महिने घेतले, उपाशीपोटी, कारण जेवणाबरोबर ते कमी शोषले जाते. वहीत फरक दिसला नाही, बंद केले. मधुमेहाची औषधे चालू असतील तर ते परस्पर सुरू करू नका, साखर खाली जाऊ शकते.

5. एका वेळी एकच. चार गोळ्या एकदम सुरू केल्या आणि बरे वाटले, तर कोणामुळे? पित्त खवळले, तर कोणामुळे? मी रोज झोपताना जळजळीला दहापैकी गुण देत असे. पायांची आग तशीही कमी-जास्त होतच असते. उन्हाळ्यात माझी वाढते, थंडीत उतरते. वही नसती तर दिवाळीनंतर घेतलेली कुठलीही गोळी मला गुणकारी वाटली असती. धीरही हवा. मज्जातंतू पुन्हा वाढले तरी दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर जवळपास मीटरभर.

6. झिंक, बायोटिन आणि डी यांच्यावरही नजर ठेवा. कोरोनाच्या काळात सुरू झालेले झिंक अनेकांनी थांबवलेच नाही. जास्त झिंक दीर्घकाळ घेतले तर शरीरातले तांबे घटते आणि त्यानेही पाय बधिर होतात. केसांच्या गोळ्यांतले बायोटिन थायरॉईडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकते, म्हणून रक्त देण्याआधी ते किती दिवस थांबवायचे हे विचारून घ्या. डी जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची आठवड्याची पुडी ठरलेल्या आठवड्यांसाठी असते, जन्मभरासाठी नव्हे.

7. ‘ताकदीची गोळी’ नीट वाचा. मिथाइलकोबालमिनच्या जोडीला प्रिगॅबॅलिन असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. घेणाऱ्याला वाटते जीवनसत्त्व चालू आहे. प्रिगॅबॅलिन हे वेदनेचे औषध आहे. मला रात्रीची झोप दिली ती त्यानेच, हे मान्य. पण त्याने गुंगी येते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो आणि ते मनाने एकदम बंद करायचे नसते. याउलट पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापणे एफएसएसएआयच्या नियमाने बंधनकारक आहे. जाहिरातीपेक्षा ती ओळ खरी माना.

8. घरगुती उपायांना माझी ना नाही. पत्नी काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासून देते, तेवढा वेळ बरे वाटते. गरम पाण्याचा शेक मात्र बंद. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो. रोज रात्री तळवे आरशात पाहतो.

9. बधिरपणा काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने वर चढू लागला, पायातली ताकद गेली, एकाच बाजूला त्रास होऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर पूरक गोळ्यांचा विचारही करू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या.